चौरंग मागणाऱ्यांनी रांझ्याचं पत्र पुरतं वाचावं

भोर, नसरापूर, वेल्हे या टापूत काळीज हलवणारा एखादा गुन्हा घडला की पुढचं सगळं ठरल्यासारखं होतं. बाजारपेठ बंद, मूक मोर्चा, तहसीलदारांना निवेदन. निवेदनाच्या शेवटी मागणी असते : खटला जलदगती न्यायालयात चालवून आरोपीला फाशी द्यावी. भाषणं सुरू झाली की फाशीसुद्धा कमी पडायला लागते. मग कुणीतरी रांझ्याच्या पाटलाचं नाव काढतो आणि टाळ्या पडतात. महाराजांनी केला तसा चौरंग करा, म्हणजे हातपाय तोडा, भर चौकात करा, मग बघू कुणाची हिंमत होते! रांझे हे आपल्याच भोर तालुक्यातलं गाव असल्यामुळे या युक्तिवादाला इथे घरचा मान आहे. त्याच्या उलट बोलणं म्हणजे लोकांना अंगावर घेणं. तरी बोलतो, कारण ज्या पत्राच्या जोरावर हे चाललंय ते पत्र भाषण करणाऱ्यांनी वाचलेलं दिसत नाही.

ते पत्र २८ जानेवारी १६४६ चं. शिवाजी महाराजांना तेव्हा सोळावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. रांझ्याचा मोकदम, म्हणजे पाटील, बाबाजी गुजर याने मोकदमी करताना बदअमल (गैरवर्तन) केला, अशी तक्रार आली. महाराजांनी काय केलं? त्याला समोर आणवलं, चौकशी केली आणि गोष्ट खरी ठरल्यावर हातपाय तोडायची शिक्षा दिली. मोकदमी काढून घेतली. पण पत्र तिथे संपत नाही. गुजरांच्याच गोतातल्या एकाने त्याला आपल्या हाती द्यावं म्हणून अर्ज केला, तेव्हा दंड घेऊन तो त्याच्या स्वाधीन केला गेला. म्हणजे माणूस जिवंत ठेवला होता.

सतराव्या शतकातली ती शिक्षा आज कुणी आणू नये, मी तर मुळीच तिची वकिली करत नाही. पण दाखला द्यायचाच तर पुरता द्या. आधी चौकशी झाली, मग शिक्षा. शिक्षा झालेला माणूस गावातला सगळ्यात वजनदार माणूस होता, ज्याच्याविरुद्ध तोंड उघडायची एरवी कुणाची छाती नव्हती. आणि जीव घेतला गेला नाही. आपल्या मोर्चांमध्ये यातलं नेमकं काय मागितलं जातं? चौकशीऐवजी घाई, हातपायांऐवजी जीव. आणि तो जीव कुणाचा? पाटलाचा तर कधीच नाही.

तो कुणाचा असतो ते पाहायला भोरपासून फार लांब जावं लागत नाही, नाशिकपर्यंत गेलं तरी पुरे. ५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळ एका बागेत राहणाऱ्या कुटुंबावर दरोडा पडला. पाच माणसं मारली गेली, बायामाणसांवर अत्याचार झाले. ऐकणाऱ्याचं रक्त उसळावं असाच प्रकार. आई आणि एक मुलगा जखमी अवस्थेत वाचले. पोलिसांनी भटक्या जमातीतले सहा तरुण धरले. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. सरकार अपिलात गेलं आणि ३० एप्रिल २००९ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशीच सुनावली. तीन न्यायालयं झाली आणि प्रत्येक पायरीवर सहाही जण दोषीच ठरले.

५ मार्च २०१९ ला त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने तो निकाल कुणालाही काढून वाचता येतो. वाचताना एका जागी थांबावंच लागतं. वाचलेल्या त्या आईला पोलिसांनी आपल्याकडचा सराईत गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला होता. घटना ताजी असताना, या सहा जणांना अटक व्हायच्याही आधी. तिने त्यातून चार माणसं ओळखली. ते चौघे म्हणजे हे सहा नव्हेत, वेगळेच लोक. त्या चौघांचं पुढे काय झालं? खटल्यात ते कुठेच नाहीत. साक्षीदाराने स्वतः बोट ठेवलेली चार माणसं बाजूला राहिली आणि ओळखपरेडीत उभे राहिले हे सहा भटके. न्यायालयाने म्हटलं की यांना खोटं गोवलं गेलं. तपास अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. सोळा वर्षं तुरुंगात गेली होती. त्यातला एकजण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही मधल्या काळात सिद्ध झालं होतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं : "झाली ना शेवटी चूक दुरुस्त? व्यवस्था चालते म्हणायची." ही दुरुस्ती कशी झाली ते नीट पाहिलं तर हे उत्तर टिकत नाही. फाशीच्या कैद्याची फेरविचार याचिका पूर्वी न्यायमूर्तींच्या दालनात, वकिलाचं तोंडी म्हणणं न ऐकता निकाली निघायची. यांचीही तशीच फेटाळली गेली होती. २०१४ मध्ये, म्हणजे यांना अखेरची फाशी सुनावून पाच वर्षं झाल्यावर, घटनापीठाने दुसऱ्याच एका खटल्यात ठरवलं की अशा याचिका खुल्या न्यायालयात ऐकायच्या. त्या दाराने हे सहाजण आत आले. मधल्या पाच वर्षांत राष्ट्रपती भवनातून नकार येऊन तारीख पडली असती, तर सोडायला कुणी उरलंच नसतं. याला व्यवस्था चालणं म्हणत नाहीत, नशीब म्हणतात.

नशीब नसलेलेही आहेत. राजस्थानातल्या रावजी नावाच्या माणसाला १९९६ मध्ये फासावर चढवलं गेलं. त्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की गुन्हा किती भयंकर आहे तेवढं पाहायचं, गुन्हेगाराची परिस्थिती पाहायची नाही. १९८० च्या बचनसिंग खटल्यात घटनापीठाने याच्या नेमकं उलट सांगून ठेवलं होतं. गुन्हेगारही पाहायचा, आणि फाशी दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणातच द्यायची. ही चूक मे २००९ मध्ये न्यायालयाने स्वतःच मान्य केली, आणि तीही पुण्यातल्या अपहरण आणि खुनाच्या बरियार खटल्यात, नाशिकच्या सहा जणांना फाशी सुनावल्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांत. पुढे २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना लिहिलं की या चुकीच्या आधारावर फाशी झालेल्या तेरा जणांचा जीव वाचवा. त्या तेरांत नाशिकचे हे सहाही होते. रावजीसाठी कुणी काय लिहिणार?

"बाहेरची उदाहरणं नकोत, आपल्याकडचं सांगा," असं कुणी म्हणेल. सांगतो. भोर-वेल्ह्यातल्या फाशीच्या मागणीचे खटले शेवटी पुण्यात शिवाजीनगरच्या न्यायालयात जातात. तिथल्याच निकालांबद्दल बोलू.

१९८२ मध्ये पुण्यात एका नवविवाहितेचा विषाने मृत्यू झाला. नवऱ्याला, शरद बिरदीचंद सारडा याला, पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशी दिली आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. तिने आत्महत्या केली असण्याची शक्यता पुराव्याने खोडली गेलेली नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. परिस्थितीजन्य पुराव्यावर शिक्षा द्यायची तर कोणत्या पाच कसोट्या लावायच्या, हे याच निकालाने घालून दिलं. आज देशातल्या कोणत्याही जिल्हा न्यायालयात खुनाचा खटला चालो, बचावाचा वकील उभा राहून पहिलं नाव घेतो ते 'सारडा'. म्हणजे पुराव्याची साखळी कशी तपासावी हे देशाला शिकवणारा धडा पुण्याने दिलेल्या चुकीच्या फाशीतून निघालाय. पुणेकरांना कशाकशाचा अभिमान असतो, याचीही आठवण ठेवायला हरकत नसावी.

दुसरा खटला ऑगस्ट १९९४ चा. पौड रस्त्यावर एका घरात सात जणांचे खून झाले, त्यांत लहान मुलं होती, एक गर्भवती होती. पुणं तेव्हा हादरलं होतं आणि फाशीपेक्षा कमी काही कुणाला चालणार नव्हतं. फाशी झाली, २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयातही कायम झाली. मार्च २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने मान्य केलं की फाशी झालेल्यांपैकी एकजण, नारायण चेतनराम चौधरी, घटनेच्या दिवशी बारा वर्षं सहा महिन्यांचा होता. राजस्थानातल्या त्याच्या शाळेच्या नोंदीवरून ते सिद्ध झालं. अठ्ठावीस वर्षांहून जास्त तो तुरुंगात होता. इथे मी तो निर्दोष होता असं म्हणत नाही, न्यायालयानेही म्हटलेलं नाही. पण आरोपी सहावी-सातवीतल्या पोराच्या वयाचा आहे, एवढी साधी गोष्ट पोलीस, सरकारी वकील, बचावाचा वकील आणि तीन न्यायालयं यांच्यापैकी कुणालाच दिसली नाही. जे वय ओळखू शकत नाहीत ते अपराध अचूक ओळखतात, असं मानायला मला जड जातं.

तिसरा, जर्मन बेकरीचा. १३ फेब्रुवारी २०१० च्या त्या स्फोटात सतरा माणसं गेली. २०१३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने हिमायत बेगला फाशी दिली. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने स्फोट, कट आणि खुनाच्या आरोपांतून त्याला मुक्त केलं. स्फोटकं बाळगल्याबद्दलची जन्मठेप तेवढी राहिली. आणि मुंबईच्या ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांचं तर ताजंच आहे. पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप झाली होती. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने बाराही जणांना सोडलं. त्यातला एकजण त्याआधीच तुरुंगात वारला होता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलंय, त्यामुळे शेवटचा शब्द अजून व्हायचाय. पण एकोणीस वर्षांनीसुद्धा खरे कोण हे ठरत नसेल, तर मेलेल्यांच्या घरच्यांना आपण दिलं काय?

हे सगळे अपवाद आहेत का? दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये फाशीच्या कैद्यांवर मोठा अहवाल काढला. २००० ते २०१५ या काळात खालच्या न्यायालयांनी दिलेल्या फाशींपैकी पाच टक्क्यांच्या आसपासच वर टिकल्या. सुमारे तीस टक्के प्रकरणांत माणूस थेट निर्दोष सुटला. फाशीच्या कैद्यांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बळ होते. शंभरातले तीस जर चुकीचे उचलले जात असतील, तर त्याला अपवाद म्हणता येत नाही.

हे का होतं ते आपल्या डोंगरात राहणाऱ्याला समजावून सांगायला नको. वेल्ह्याकडचा कातकरी किंवा महादेव कोळी रानात निघाला की कमरेच्या आकडीला कोयता असतोच. खून झाला की आरोपी 'स्वखुशीने' निवेदन करतो, पंचांसमक्ष झुडपातून किंवा पेंढ्याखालून कोयता काढून देतो, आणि पंचनाम्याचा कागद तयार होतो. पंच कोण? अनेकदा ठाण्याच्या आसपास उठबस असलेला, आधीही चारदोन पंचनाम्यांवर सही केलेला गृहस्थ. कोयता प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल येतो : मानवी रक्त आढळलं, गट अनिर्णित. भात कापणाऱ्याच्या, जळण तोडणाऱ्याच्या हाताला वर्षातून किती वेळा कोयता लागतो? सोबत एक साक्षीदार असतो, ज्याने दोघांना 'शेवटचं एकत्र' पाहिलेलं असतं, आणि ते त्याला आठवतं मात्र आठ दिवसांनी. झाली साखळी पूर्ण. अशा साखळीवर पाच-दहा वर्षांची शिक्षा द्यायलाही हात थरथरावा, तिथे आपण दोर मागतो.

"आता डीएनए आलाय, तो खोटं बोलत नाही." डीएनए खोटं बोलत नाही हे खरं, पण बाटली बोलते. नमुना कुणी घेतला, सील कुणी लावलं, ठाण्याच्या मुद्देमाल कक्षात तो किती दिवस पडून राहिला, याची नोंद नसेल तर अहवालाला काय अर्थ? ठाणे जिल्ह्यातल्या सहा वर्षांच्या मुलीच्या खुनाच्या खटल्यात नेमकं हेच झालं. आरोपी प्रकाश निषाद याची फाशी उच्च न्यायालयाने कायम केली होती. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं, कारण नमुने कुणी, कधी घेतले आणि पाठवायला उशीर का झाला याची धड उत्तरं नव्हती. दोन वर्षांनी, मे २०२५ मध्ये, ठाण्याच्याच आणखी एका बालहत्येच्या खटल्यात रामकिरत गौड सुटला, बारा वर्षांनी. दोन चिमुरड्या मुली आणि दोन फाशी. त्या दोन घरांना अखेर हाती काय आलं? ज्याला राक्षस म्हणून दाखवलं तो नव्हता, आणि जो होता तो या सगळ्या काळात कुठेतरी मोकळा होता. चुकीची फाशी ही आरोपीवरची दया-माया वगैरेची बाब नाही, ती खऱ्या खुन्याला दिलेली सवलत आहे. त्याचा शोध त्या दिवशी थांबतो.

मला सर्वांत अवघड जाणारा प्रश्न वेगळा आहे, आणि तो टाळून हा लेख लिहिणं लबाडीचं होईल. फेब्रुवारी २०२१ मध्ये वेल्हे तालुक्यात अडीच वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. साधारण वर्षभरात, २०२२ मध्ये, पुण्याच्या विशेष न्यायालयाने आरोपीला फाशी सुनावली. त्या निकालाच्या बरोबर-चुकीबद्दल मी बोलणार नाही, तो पुराव्याचा आणि वरच्या न्यायालयांचा विषय. पण कुणी मला विचारलं की त्या आईसमोर उभा राहून तू हा लेख वाचून दाखवशील का, तर नाही वाचणार. तिला संताप करायचा, सूड मागायचाही हक्क आहे. मात्र तिचा हक्क तो माझा नव्हे, तुमचाही नव्हे, आणि राज्यसंस्थेचा तर नव्हेच. आपलं काम तिला खरा माणूस शोधून देणं, तो पुन्हा कुणाच्या अंगणात येणार नाही याची खात्री देणं हे आहे. त्यासाठी दोर लागत नाही.

"मग काय, चौदा वर्षांनी सोडायचा?" गावातल्या कोणत्याही पारावर हे वाक्य ऐकू येतं, आणि ते चूक आहे. जन्मठेप म्हणजे कायद्याने मरेपर्यंतची कैद. खुनासारख्या गुन्ह्यात चौदा वर्षांच्या आत सरकारला सोडता येत नाही एवढाच चौदाचा अर्थ. चौदा झाली की सुटका, असा कुणाचाही हक्क नाही. शिवाय फाशीऐवजी वीस, तीस वर्षं किंवा अखेरच्या श्वासापर्यंत सूट न देता कैद ठेवण्याचा आदेश उच्च आणि सर्वोच्च न्यायालय देऊ शकतं, हे २००८ च्या स्वामी श्रद्धानंद खटल्यात आणि मग २०१५ च्या घटनापीठाच्या निकालात पक्कं झालंय. समाजाला धोका असलेला माणूस आत राहील. आणि चूक निघाली तर तुरुंगाचं दार उघडता येईल.

दहशतीचं म्हणाल, तर पुण्याने ती करून पाहिलीय. जोशी-अभ्यंकर हत्याकांडातल्या चौघांना नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवड्यात एकाच दिवशी फाशी दिली गेली. सगळ्या महाराष्ट्राने ती बातमी वाचली. अकरा वर्षांत त्याच शहरात पौड रस्त्यावरच्या त्या घरातले खून घडले. खून करणारा निकालपत्रं वाचून बाहेर पडत नाही. सापडण्याची भीती त्याला असते, आणि सापडणं अवलंबून असतं तपासावर. तपासाबद्दल मात्र निवेदनात ओळ नसते.

फाशीच्या विरोधात बोलणारे म्हणजे शहरी, इंग्रजाळलेले, पीडितांचं दुःख न कळणारे, अशीही एक समजूत आहे. ३ जून १९४९ ला संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणाले होते की फाशीच रद्द करण्याला आपण पाठिंबा देऊ. अन्याय म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायचं होतं? २०१५ मध्ये दहशतवादाचे गुन्हे वगळून फाशी रद्द करा, अशी शिफारस करणाऱ्या विधी आयोगाचे अध्यक्ष न्या. ए. पी. शहा हे मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती राहिलेले. दहशतवादाचा अपवाद मला पटत नाही; खोटे कबुलीजबाब आणि दबावाखालचा तपास सर्वांत जास्त तिथेच होतो, लोकल स्फोटांच्या निकालात उच्च न्यायालयाने नेमक्या त्याच कबुलीजबाबांवर बोट ठेवलंय. पण तो वाद वेगळा.

मोर्चांना नावं ठेवून मी घरी बसा म्हणत नाही. मोर्चा काढाच, फक्त निवेदनातला मजकूर बदला. नमुने चोवीस तासांत प्रयोगशाळेकडे निघाले का, त्याची नोंद दाखवा म्हणा. जबाब घेताना चित्रीकरण झालं का ते विचारा. आरोपीच्या वयाचा दाखला पहिल्याच आठवड्यात काढा म्हणा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, आरोपीला चांगला वकील द्या म्हणा, कारण त्याच्या वकिलाने उलटतपासणीत जे खिळखिळं केलं नाही तेच पुढे टिकेल. इथे मात्र उलटं चालतं. गुन्हा गाजला की कुठली ना कुठली वकील संघटना ठराव करते : आमच्यातलं कुणीही आरोपीचं वकीलपत्र घेणार नाही. लोक त्यांचे सत्कार करतात. असे ठराव बेकायदा आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय. आरोपीला धड वकील न देता केलेल्या घाईचं पुढे काय होतं ते शेजारच्या मध्य प्रदेशात खंडव्याला दिसलं. २०१३ मध्ये एका मुलीच्या खुनाचा खटला दोन आठवड्यांत उरकून अनोखीलाल नावाच्या तरुणाला फाशी दिली गेली. त्याचा सरकारी खर्चाचा वकील ज्या दिवशी नेमला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून खटला पुन्हा चालवायला लावला, आणि २०२४ मध्ये खंडव्याच्याच न्यायालयाने अनोखीलालला निर्दोष सोडलं. तेरा-चौदा दिवसांत मिळवलेल्या त्या न्यायासाठी मुलीच्या आईबापांना अकरा वर्षं थांबावं लागलं, आणि अकरा वर्षांनी ते पुन्हा पहिल्या दिवसावर होते.